सहीच्या कागदाची मागची बाजू

सकाळचे साडेदहा वाजले असतील. ग्रंथालयात नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता आणि मी एकेका पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत बसलो होतो. बोटांना डिंक लागलेला, म्हणून फोन दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा करंगळीनं उचलून स्पीकरवर टाकला. पलीकडं सुजाता होती, ओव्हाळ मॅडमची धाकटी बहीण. धाराशिवला नर्स आहे. म्हणाली, "सर, ताई गेली." मी विचारलं, "कुठं?" खरंच, असंच विचारलं मी. आठ-दहा दिवस ताप हटत नव्हता, सोलापूरला हलवलंय, एवढं कानावर होतं; तिथून आणखी कुठं नेलं असेल असंच मनात आलं. समोर अभ्यासाला बसलेली पोरं माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा कुठं मला माझा प्रश्न ऐकू आला...

या गोष्टीला आता दीड महिना झाला. डॉ. विमल ओव्हाळ आमच्या कळंबच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या, आणि मी तिथला ग्रंथपाल. वीस-बावीस वर्षं आम्ही एका इमारतीत काढली. त्यांच्यावर लिहावं असं कॉलेजातल्या चौघांनी मला सांगितलं, कारण माझं त्यांच्याशी सगळ्यात जास्त जमायचं. ते खरं आहे. पण मी लिहितोय त्याचं कारण ते नाही. माझ्या हातून त्यांचं एक नुकसान झालंय, आणि ते त्यांना कधी कळलं नाही. ते कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

शेवटची भेट ग्रंथालयातच झाली, आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात. वर्तमानपत्रं चाळता चाळता त्यांनी मान वर न करता विचारलं, "जाधवर सर, एकदा दिलेले हक्क किती वर्षांनी परत मिळतात हो?" कुठल्या हक्कांबद्दल बोलतायत हे मला लगेच समजलं. मी हसत म्हणालो, "आपल्या दोघांच्या हयातीत तरी नाही, मॅडम." त्या "बरं" म्हणाल्या. वर्तमानपत्राची घडी होती तशी घातली, पर्स उचलली आणि तासाला गेल्या. त्यांचं तेवढं एक "बरं" माझ्याकडं शेवटचं राहिलंय.

मॅडमचं मूळ गाव तामलवाडीकडचं, पण वडील एसटीत मेकॅनिक असल्यामुळं बालपण डेपोच्या गावांत गेलं. घरात पहिली दहावी त्यांची, पहिली पदवी त्यांची आणि पीएचडीही त्यांचीच. आवाज बारीक, पण शब्द पक्का. कुणाच्या ओळी न विचारता घेतलेल्या त्यांना खपायच्या नाहीत. कॉलेजात नवीन असतानाच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातली पानंच्या पानं स्वतःच्या लेखात घातलेली त्यांच्या नजरेला आली. त्यांनी दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, फूटपट्टी लावून ओळीवर ओळ जुळवली आणि प्राचार्यांकडं नेऊन दिले. पुढं वर्षभर स्टाफरूममध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही. मी एकदा म्हणालो, "जरा सबुरीनं घेतलं असतं तर?" तर म्हणाल्या, "सर, चोरी ती चोरी. ज्याचं आहे त्याला विचारल्याबिगर हात लावायचा नाही. मग ते कागद असो नाहीतर कुणाचं ताट असो." हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं, कारण पुढं मीच ते त्यांच्या गळ्यात अडकवलं.

त्यांनी आयुष्यात एकच मोठं काम केलं असं त्या स्वतः म्हणायच्या. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या पुढं, भूकंपात पडलेलं आणि दुसऱ्या जागी नव्यानं वसवलेलं एक गाव आहे. त्यांनी आपल्या लेखात गावाचं नाव बदललं होतं, म्हणून मीही खरं नाव लिहीत नाही. भूकंपाला वीसएक वर्षं झाली होती तेव्हा त्या तिथं जायला लागल्या. कळंबहून लातूर, लातूरहून पुढं, अशा दोन एसट्या बदलून, सुट्टीच्या दिवशी, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड वही घेऊन. त्यांना शोधायचं होतं ते एवढंच... जुन्या गावात कुणाच्या शेजारी कोण राहत होतं, आणि नव्या गावात त्या शेजाराचं काय झालं. नवी घरं सरळ रांगेत, यादीप्रमाणं वाटलेली. जन्मभर भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दोघी बायका, एक गावाच्या या टोकाला तर दुसरी त्या टोकाला. तरी दुपारची भांडी उरकली की सुपात ज्वारी घेऊन एक बाई तीन रस्ते ओलांडून दुसरीच्या ओट्यावर निवडायला जायची. घर हललं, पण शेजार रोज चालत जाऊन गाठायचा. मॅडमनी त्याला नाव दिलं होतं 'चालता शेजार'. मला हे नाव ऐकल्या क्षणी आवडलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सत्तरी उलटलेल्या केराबाई म्हणून होत्या. घराच्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या. मॅडमनी विचारलं, "मावशी, जुन्या गावातली घरं आठवतात का?" केराबाई म्हणाल्या, "आशी न्हाय सांगता यायची. पान्याला गेल्यावानी सांगते." मग त्यांनी डोळे मिटले, एक हात कमरेवर घागर असल्यासारखा धरला आणि सुरू केलं. "आडापसून निघाले की डाव्या हाताला सुताराचं. त्याच्या म्होरं भागाबाईचं, तिच्याकडून आमी ताक आनायचो. मग मोठा चौथरा. चौथऱ्यामागं सोनाराची म्हातारी. तिच्या घरात आता कुनी न्हाय ऱ्हायलं, समदी तवाच गेली. म्होरं वळलं की आमचं..." ताकाचं सांगताना जो आवाज, तोच आवाज त्या गाडल्या गेलेल्या घराचं सांगताना. मॅडमचा पेन थांबत नव्हता. केराबाईंनी डोळे उघडले. "काय लिवायलाव बाई, समदं?" मॅडम म्हणाल्या, "समदं." "लिवा. म्या हाय तवर लिवून घ्या. गावाला आता दगूड सुदीक ऱ्हायला न्हाय."

मग मॅडमनी एक गोष्ट विचारली, जी विचारताना त्यांनी वहीतून नजर वर काढली नाही. "आणि ओढ्यापलीकडं?" ऐकायला जमलेल्या शेजारच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ओढ्यापलीकडं कुणाची वस्ती असायची हे त्या बायकांना ठाऊक, मॅडमनाही ठाऊक. मॅडम कुणाच्या घरातल्या हेही एव्हाना गावाला कळलेलं. केराबाई म्हणाल्या, "तिकडं आमी पान्याला न्हवतो जात. पर नावं ठाव हैत मला." आणि पुन्हा डोळे मिटून, या खेपेला हात कमरेवर न ठेवता, त्यांनी ओढ्यापलीकडची घरं एकेक करून सांगितली. कुणाचा बाप हलगी वाजवायचा, कुणाच्या दारात शेवगा होता, हेसुद्धा. परतीच्या एसटीत मॅडम खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. लातूर यायच्या बेताला म्हणाल्या, "सर, हातचं राखून नाही सांगितलं म्हातारीनं."

त्या दिवशी निघताना केराबाईंनी मॅडमचा हात धरून ठेवला होता. "बाई, ह्ये तुमी लिवलंय ते आमाला पुस्तक करून द्या. आमची नातरं शिकत्यात. त्यास्नी वाचता येतंय." मॅडम म्हणाल्या, "देते, मावशी. मराठीत करून देते. शब्द आहे माझा."

लेख इंग्रजीत लिहिला गेला, कारण बढतीच्या नियमात बसायला तो ठरावीक यादीतल्या नियतकालिकात यावा लागत होता. दोन वर्षं तो परदेशातल्या एका नियतकालिकाकडं आणि कळंबच्या आमच्या ग्रंथालयाकडं ये-जा करत होता. तज्ज्ञांचे शेरे यायचे, मॅडम बदल करायच्या, संदर्भ मी शोधून द्यायचो. शेवटी केराबाईंनी सांगितलेली घरांची संपूर्ण यादी परिशिष्ट म्हणून घालायची असं ठरलं. लेख स्वीकारल्याचा मेल आला त्या दिवशी मॅडमनी धाराशिवहून गुलाबजाम मागवून शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटले. त्यांच्याशी न बोलणाऱ्या त्या ज्येष्ठ प्राध्यापकांनीसुद्धा खाल्ला.

चार दिवसांनी नियतकालिकाचा करारनामा आला. लेखाचे हक्क प्रकाशकाच्या नावे करून देण्याचा. सही करून परत पाठवल्याशिवाय लेख छापणार नव्हते. मुदत संपायच्या दिवशी मॅडम तो छापून घ्यायला ग्रंथालयात आल्या. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. त्याच दुपारी आमच्याकडं तपासणीची समिती यायची होती आणि मी कपाटांवरची धूळ झटकायच्या मागं होतो. मॅडम म्हणाल्या, "सर, ही कायद्याची इंग्रजी मला नीट लागत नाही. तुम्ही वाचून सांगा." मी उभ्या उभ्या कागद हातात घेतला. पहिल्याच परिच्छेदात ठळक अक्षरात होतं, ते मराठीत करून सांगितलं... या लेखाचे सर्व हक्क, सर्व स्वरूपांत आणि सर्व भाषांमध्ये, मी प्रकाशकाला देत आहे. मॅडमनी विचारलं, "सर्व भाषांमध्ये म्हणजे मराठीतसुद्धा?" मी म्हणालो, "सर्व म्हणजे सर्व, मॅडम." "पण मी केराबाईंना कबूल केलंय." "ते मागनं बघू. आज शेवटचा दिवस आहे, सही करून टाका." त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग परत काढलं आणि सही केली. मी कागद उलटला नाही. त्यांनीही नाही. मी वाचलंय म्हणजे सगळं वाचलंय, असा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

लेख छापून आला. मॅडमना त्याची एक प्रत संगणकावर मिळाली, तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, केवळ लेखिकेच्या वैयक्तिक वापरासाठी. बाकी कुणाला वाचायचा तर पैसे भरून उघडायचा. आमच्या कॉलेजला ते परवडणारं नव्हतं. मॅडमचा लेख मॅडमच्या कॉलेजात उघडत नव्हता. त्यांनी मला तो स्वतःच्या लॅपटॉपवर, शेजारी बसून, एकेक पान सरकवत वाचायला दिला. पाठवला नाही.

महिनाभरानं त्या पुन्हा आल्या. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या. "जाधवर सर, मैत्री बाजूला ठेवा. ग्रंथपाल म्हणून सांगा. मी याचं मराठी करून गावात वाटलं तर चालेल का?" त्या वर्षी मी वाङ्मयचौर्यावर दोन कार्यशाळा घेतल्या होत्या. विद्यापीठातून प्रमाणपत्र आणलं होतं. मला फार समजतं अशी माझी समजूत झाली होती. मी म्हणालो, "नाही चालणार, मॅडम. तो लेख आता कायद्यानं तुमचा नाही. तसं केलंत तर तुम्ही स्वतःच्याच लेखाची चोरी केली असं होईल." हे बोलताना मला आपण काहीतरी चटकदार बोललो असंही वाटलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. चोरी हा शब्द मी दुसऱ्या कुणापुढं वापरला असता तर तो हवेत विरून गेला असता. या बाईनं त्या शब्दापायी स्टाफरूममध्ये वर्षभर एकटीनं डबा खाल्ला होता.

तरी एकदा त्या गावाला गेल्या. मीही सोबत होतो. रिकाम्या हातानं जायला नको म्हणून ग्रंथालयातली जुनी मासिकं बांधून नेली होती. केराबाई थकल्या होत्या, पण ओळख लगेच पटली. पहिलाच प्रश्न, "बाई, आमचं पुस्तक आनलं का?" मॅडम म्हणाल्या, "छापायला दिलंय, मावशी." केराबाई खूश झाल्या. सुनेला, अनुसयाबाईंना, चहा टाकायला सांगितला. चहात साखर लई टाक म्हणून दोनदा सांगितलं. मॅडमनी तो चहा संपवला. रस्त्यावर एसटीची वाट बघत उभे असताना म्हणाल्या, "मी आज खोटं बोलले सर. ते पण तिच्याशी." मी म्हणालो, "परिस्थितीच तशी आहे." त्या पुन्हा त्या गावाला गेल्या नाहीत.

पुढं दोन-तीन वर्षांनी त्याच भागातला एक विद्यार्थी आमच्याकडं प्रवेश घेऊन आला. ग्रंथालयात मित्रांशी बोलत होता. कुणीतरी ओव्हाळ मॅडमचा विषय काढला, तसा तो सहज म्हणाला, "त्या व्हय? आमच्या आत्याच्या गावात येऊन लई बायांकडून लिवून नेलं त्यांनी. पुस्तक देते म्हनल्या. स्वतः मोठ्या झाल्या, गाव ऱ्हायलं तसंच." कपाटाच्या मागच्या बाजूला मॅडम पुस्तक काढत होत्या. मला दिसत होत्या, त्याला नाही. मी काही बोलणार तोच त्यांनी मला हातानंच नको म्हणून सांगितलं. काढलेलं पुस्तक होतं त्या जागी ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

यानंतर सहा-सात वर्षं गेली. त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. शिकवत राहिल्या, चांगलं शिकवत राहिल्या. पोरांना सांगायच्या, कुणाकडून माहिती घ्याल तर परत काय देणार ते आधी ठरवा. विद्यार्थ्यांना वाटायचं, ही शिस्त आहे. मला ठाऊक होतं ती कशाची जखम आहे. तरी मी तो कागद एकदाही पुन्हा मागून बघितला नाही. का नाही, हे आता स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर बरं येत नाही. आपण एकदा सांगितलेलं चुकीचं असू शकतं, हे तपासायचा मला आळस होता. आळससुद्धा नव्हे... भीती असावी.

मॅडम गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी सुजाता कळंबला आली. भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची म्हणून मला बोलावलं. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एका पिशवीत वही होती. जाडजूड, शिवलेली. मी उघडली. मॅडमनी संपूर्ण लेख मराठीत लिहून काढला होता. कुठं निळी शाई, कुठं काळी, कुठं बॉलपेन. एका वर्षाचं काम नव्हतं ते. बायकांचं बोलणं त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं. शेवटी घरांची यादी, आडापासून निघून ओढ्यापलीकडपर्यंत. वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव, खरं नाव. दुसऱ्या पानावर मधोमध एकच शब्द, 'हक्क', पुढं दोन टिंबं, आणि मग सगळं पान कोरं.

वहीला टाचणीनं तो कागद लावलेला होता. त्यांच्या सहीच्या कागदाची प्रत. 'सर्व भाषांमध्ये' या शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. मी टाचणी काढली आणि कागद उलटला. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, लेखकाकडं राहणारे हक्क दिलेले होते. लेखिकेनं स्वतः जमवलेल्या माहितीवर, मुलाखतींवर, टिपणांवर प्रकाशकाचा कसलाही हक्क नाही. अभ्यासात सहभागी झालेल्या व्यक्तींना लेखाची प्रत देता येईल. अन्य भाषेत अनुवाद करायचा असल्यास लेखकानं खालील पत्त्यावर कळवावं, अशी परवानगी सहसा नाकारली जात नाही... खाली मेलचा पत्ता. मी तिथंच, रिकाम्या होत चाललेल्या खोलीत, भांड्यांच्या खोक्यावर बसलो. सुजातानं विचारलं, "काय झालं सर?" मी म्हणालो, "वही मी नेऊ का?" ती म्हणाली, "न्या की. ताईनं कधी दाखवली नाही आम्हाला. तुमच्याच कामाची असेल."

दुसऱ्या दिवशी मी त्या पत्त्यावर मेल लिहिला. पाच ओळी. लेखिकेच्या वतीनं, मराठी अनुवादाची परवानगी हवी आहे, गावात विनामूल्य वाटायचा आहे. मॅडम गेल्या हे लिहायला हात धजला नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं. परवानगी आनंदानं देत आहोत, मूळ लेखाचा उल्लेख करावा, मराठी अनुवादाचे हक्क लेखिकेकडं राहतील, परिशिष्टातल्या यादीसाठी तर विचारायचीही गरज नव्हती. शेवटी लिहिलं होतं, लेखिकेला आमच्या शुभेच्छा कळवाव्यात. नऊ वर्षं ज्या दारापुढं मॅडम उभ्या होत्या, ते दार नुसतं लोटलेलं होतं. आणि ते बंद आहे असं त्यांना सांगणारा मी होतो.

गेल्या रविवारी मी गावाला गेलो. वही घेऊन, आणि तिची झेरॉक्स घेऊन. छापायच्या आधी बायकांना दाखवावी असं वाटलं. केराबाईंच्या ओट्यावर अनुसयाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. केराबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. अनुसयाबाईंनी मला ओळखलं, पाणी दिलं आणि माझ्या मागं रस्त्याकडं बघत विचारलं, "बाई न्हाय आल्या?" मी सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग मी बाकीचंही सांगितलं. कागदाचं, सहीचं, मी न उलटलेल्या पानाचं. त्यांना सगळं समजलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी बाईंनी फशिवलं न्हवतं." मी म्हणालो, "नाही." "आन आमी किती वंगाळ बोललो त्यांना... आमच्या आत्या, सासूबाई, तर जाईपर्यंत म्हनायच्या, छापायला दिलंय, येईल. आमीच म्हनायचो, कशाचं येतंय."

त्यांनी चार घरी निरोप धाडला. सुपं, परड्या घेऊन बायका आल्या तशा ओट्यावर बसल्या. अनुसयाबाई दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांनीच वाचायला घेतलं. "आडापसून निघाले की डाव्या हाताला सुताराचं..." दोन ओळी वाचून त्या थांबल्या. "आगं, ह्ये तर आत्याच बोलायल्यात." मग कुणी हलेना. त्या वाचत राहिल्या, सोनाराची म्हातारी, मोठा चौथरा, ओढा, ओढ्यापलीकडचा शेवगा. वाचून झाल्यावर मी दुसरं पान काढून दाखवलं. म्हणालो, "इथं हक्क कुणाचे ते लिहायचं राहिलंय. तुमची घरं आहेत, तुमचं नाव टाकू का?" अनुसयाबाईंनी विचारलं, "हक्क म्हंजी?" "म्हणजे हे कुणाचं आहे, ते." त्यांनी जरा वेळ त्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं. "घरं आमची, ती आमच्यापाशी हायेतच. ह्ये लिवलंय बाईंनी. बाईंचं नाव टाका." सुजाताची संमती मी आधीच घेतली होती, तिनं, गावातल्या बायका म्हणतील तसं करा, असं सांगितलं होतं. मी तिथंच पेन काढून, त्या दोन टिंबांपुढं, विमल ओव्हाळ असं लिहिलं. त्यांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार वाईट दिसलं.

ओट्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती, केराबाईंच्या बरोबरीची. ऐकायला कमी यायचं, म्हणून तिची नात सगळं तिच्या कानात मोठ्यानं सांगत होती. बाई गेल्याचं मात्र नातीनं सांगितलं नव्हतं, किंवा म्हातारीला ऐकू गेलं नव्हतं. ती एकाएकी म्हणाली, "सुताराच्या मागं एक घर ऱ्हायलंय. आंधळ्या गोदीचं. केराला ठाव न्हवतं, केरा पान्याला खालच्या अंगानं जायाची." मग माझ्याकडं हात करून म्हणाली, "बाईला सांगा म्हनावं. ईल तवा लिवून घिईल."

अनुसयाबाईंनी माझ्या हातातला पेन घेतला. सुताराचं घर होतं त्या ओळीच्या खाली, मॅडमच्या दोन ओळींमधल्या अरुंद जागेत, अक्षर बारीक करून त्यांनी ते घर लिहिलं. पेन मला परत दिला, वही मिटली आणि मांडीवरून उतरवलीच नाही. मीही मागितली नाही. निघताना माझ्या पिशवीत झेरॉक्स होती, आणि तिच्यात ते घर नव्हतं.